१६ केबीच्या चिपचा बूटलोडर: हाताने असेंबली की सी?

पिकमोज्या:
सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर पिक (विणीतले आडवे धागे) मोजणारे बोर्ड बसवतो. चिप एसटीएम३२एफ०३०एफ४, म्हणजे प्रोग्राम ठेवायला १६ केबी फ्लॅश, ४ केबी रॅम, आत आर्मचा कॉर्टेक्स-एम० प्रोसेसर. एका कारखान्यात २४ माग, सगळे बोर्ड एकाच आरएस-४८५ तारेवर (सगळ्यांची सामायिक तार, एका वेळी एकानेच बोलायचं). दर वेळी डब्या उघडत बसण्यापेक्षा तारेवरूनच नवा प्रोग्राम जावा म्हणून बूटलोडर लागतो, म्हणजे चिप चालू झाली की आधी धावणारा आणि नवा प्रोग्राम भरून घेणारा छोटा कोड. सीमध्ये लिहिला तर साडेतीन केबी झाला. फ्लॅशचं पान १ केबीचं, म्हणजे १६ पैकी ४ पानं त्यानेच खाल्ली. वैतागून सगळा असेंबलीत, म्हणजे प्रोसेसरची एकेक सूचना हाताने मांडून लिहिला. ८८४ बाइट, एका पानात बसला.

माझं मत सांगतो. एम० ला सूचना मोजून ५६, त्याही जवळजवळ सगळ्या १६ बिटी थंब (आर्मचा आखूड सूचनांचा संच). एवढ्या छोट्या संचासाठी सीच्या ओळींच्या सूचना करून देणाऱ्या कंपायलरच्या दारात उभं राहायची गरज नाही.

मॅपफाइल_वाचा:
८८४ चं कौतुक आहे, पण साडेतीन केबी आले कुठून ते पाहिलंत का? सीआरसी-३२ (डेटा वाटेत बिघडला का ते पाहायचा आकडा) काढायचं टेबल वापरलं असणार. २५६ नोंदी गुणिले ४ बाइट, १ केबी तिथेच गेला, आणि तुमच्या चिपमध्ये सीआरसीचं हार्डवेअर आयतं आहे. दुसरं, कोडात कुठे भागाकार आहे का? एम० ला भागाकाराची सूचनाच नाही, त्यामुळे कंपायलर लायब्ररीतलं फंक्शन ओढून आणतो. बॉड रेटचा (तारेवरच्या वेगाचा) आकडा आधीच काढून लिहिलात तर तेही जाईल. मग -ओएस आणि एलटीओ (कोड आखूड करणारे कंपायलरचे पर्याय) लावून पुन्हा मोजा. दोष सीचा नव्हता, राव.

पिकमोज्या:
टेबल होतं. भागाकारही होता. दोन्ही काढून १.६ केबीवर आला. तरी पानं दोन.

कडकभाकरी:
मुळात बूटलोडर लिहायचाच कशाला? कंपनीने चिपच्या रॉममध्ये दिलाय की. बूट० पिन वर करा आणि भरा.

पिकमोज्या:
ती पिन डबीच्या आत. शिवाय ४८५ वर पाठवताना दिशेची पिन हलवावी लागते, ती रॉममधल्या बूटलोडरला कोण सांगणार?

शेवटच्या_वर्षाची:
सर, मी असेंबलीच्या बाजूने. आरपी२०४० या रास्पबेरी पायच्या चिपच्या बूटलोडरची दुसरी पायरी २५६ बाइटची असते, त्यात शेवटचे ४ सीआरसीचे. उरलेल्या २५२ मध्ये फ्लॅश चिपशी बोलणं सुरू करायचं. रास्पबेरी पायवाल्यांनी ते असेंबलीतच लिहिलंय.

मॅपफाइल_वाचा:
आणि अर्डुइनो बोर्डांचा बूटलोडर ऑप्टिबूट ५१२ बाइटमध्ये बसतो, तो सीमध्ये आहे. आता बोला.

जुना_सोल्डर:
भांडा, पण पोरांना अडचणीही सांगा. पिकमोज्या, पहिल्यांदा बोर्ड चालू झाला तेव्हा काय झालं होतं ते लिही की. मला फोनवर रडला होतास.

पिकमोज्या:
काका, तुम्ही पण ना. बरं, लिहितो. व्हेक्टर टेबलात (प्रोसेसर आधी वाचतो ती पत्त्यांची यादी) पहिला शब्द स्टॅकचा, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेचा पत्ता, दुसरा रीसेट हँडलरचा, म्हणजे कोड जिथून सुरू होतो तिथला. कॉर्टेक्स-एमला फक्त थंब कळतं, म्हणून त्या दुसऱ्या पत्त्याचा शेवटचा बिट १ लागतो. लेबलच्या आधी 'डॉट थंब_फंक' लिहायचं विसरलो, तर लिंकरने (कोडाचे तुकडे जोडून पत्ते देणारा प्रोग्राम) सम पत्ता ठेवला. डिसअसेंब्लीत एकेक सूचना बरोबर दिसते आणि चिप मात्र चालू होताक्षणी हार्डफॉल्टमध्ये (गंभीर चुकीला प्रोसेसर जिथे जाऊन पडतो). तीन रात्री गेल्या. जाता जाता अजून एक: पुढचा पत्ता ठरावीक पटीत आणणारं 'डॉट अलाइन २' म्हणजे आर्मवर २ चा दुसरा घात, ४ बाइट. इतर काही प्रोसेसरांवर तोच आकडा सरळ बाइट असतो. त्यापेक्षा 'डॉट बालाइन ४' लिहावं, तिथे आकडा नेहमी बाइटच, डोकं शांत राहतं.

मॅपफाइल_वाचा:
सीमध्ये तो बिट आपोआप लागतो. तुमच्या तीन रात्री माझ्या खात्यात जमा करा.

शेवटच्या_वर्षाची:
पण सर, बूटलोडरमधून मुख्य प्रोग्राममध्ये उडी मारताना सीच आपटतं. माझ्या प्रोजेक्टमध्ये स्टॅक पॉइंटर बदलला आणि पुढच्या ओळीत कंपायलरने उडीचा पत्ता स्टॅकवरूनच उचलला, तोही नव्या स्टॅकवरून. डीबगमध्ये चाललं, ऑप्टिमायझेशन लावलं की बंद.

मॅपफाइल_वाचा:
तेवढं मान्य. त्या चार ओळी असेंबलीतच हव्यात. बाकीचं का? २०२१ मध्ये चिपा मिळेनात तेव्हा आम्ही दुसऱ्या कंपनीची रिस्क-५ वाली घेतली. तिथेही १६ बिटी दाबलेल्या सूचना आहेत, पण थंबशी नातं शून्य. सी होतं म्हणून आठवड्यात उरकलं.

जुना_सोल्डर:
एम० ला व्हीटीओआर (व्हेक्टर टेबल कुठे आहे ते सांगायचं रजिस्टर) नाही, हे कोणी बोललंच नाही. मुख्य प्रोग्रामचं व्हेक्टर टेबल हलवायचं तर त्याचे ४८ शब्द रॅमच्या सुरुवातीला उतरवून मेमरीचा नकाशा रॅमकडे वळवावा लागतो. १९२ बाइट लिंकर स्क्रिप्टमध्ये राखून ठेवा, नाहीतर तुमचीच व्हेरिएबल त्यावर नाचतील. हे काम सीत करा नाहीतर असेंबलीत, चुकायचं ते चुकतंच.

आता पिकमोज्या, खरा प्रश्न. उन्हाळ्यात तुमच्या भागात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. भरता भरता गेली तर?

पिकमोज्या:
मुख्य प्रोग्रामचं पहिलं पान सगळ्यात शेवटी लिहितो. ते कोरं असेल तर बूटलोडर उडी मारत नाही, तारेवर वाट बघत बसतो.

जुना_सोल्डर:
छान. आणि बूटलोडरच्या पानाला राइट प्रोटेक्शन?

पिकमोज्या:
लावणार आहे.

जुना_सोल्डर:
या चिपवर ते चार-चार पानांना मिळून लागतं. ४ केबी एकदम.

कडकभाकरी:
😂 म्हणजे कुलूप लावलं की ८८४ आणि साडेतीन केबी एकाच भावात!

पिकमोज्या:
हे मी पाहिलं नव्हतं. पण माझा मुख्य प्रोग्राम १२.६ केबी आहे. ४ केबी कुलपात गेले तर तो उरलेल्या १२ मध्ये मावत नाही. म्हणजे कुलूप नाही. पान पुसण्याआधी कोडातच पत्ता तपासतो, पहिल्या पानाचा आला तर नकार.

मॅपफाइल_वाचा:
आणि प्रोसेसर भरकटून थेट तपासणीच्या पुढच्या सूचनेवर पडला तर? मागाच्या मोटारी शेजारीच धडधडतायत. मुख्य प्रोग्रामची मॅप फाइल (कशाने किती जागा खाल्ली त्याची यादी) टाका. ०.६ केबी मी काढून देतो, पैज.

पिकमोज्या:
टाकतो रात्री. त्यातही भागाकार आहे, आधीच सांगतो.