मॉडेल इंजिनाच्या सिलिंडरमधील वाफेच्या खाचा चौकोनी कशा कराव्यात?

नेरळ_लोको:
माथेरानच्या ६१० मिमी गेजवरील वाफेच्या इंजिनाची ४५ मिमी रुळावर चालणारी प्रतिकृती मी करीत आहे. गनमेटलच्या (कांस्याच्या एका प्रकारच्या) सिलिंडरवर, जेथे स्लाइड व्हॉल्व्ह (वाफ आत-बाहेर सोडणारी सरकती झडप) सरकतो तेथे, १ मिमी रुंद, ६ मिमी लांब व ३ मिमी खोल अशा दोन खाचा आणि मधोमध वाफ बाहेर पडण्यासाठी २ मिमी रुंदीची तिसरी खाच हवी आहे. माझे मिलिंग मशीन मिनिटाला ३००० फेऱ्यांपलीकडे जात नाही. १ मिमीच्या दोन एंड मिल (खाच कापणारे फिरते कटर) मोडल्या, आणि जी खाच झाली तिची टोके गोल राहिली. कोपरे काटकोनी कसे मिळतील?

टूलरूम_निवृत्त:
३००० फेऱ्यांना १ मिमीच्या कटरचा कापण्याचा वेग मिनिटाला जेमतेम साडेनऊ मीटर होतो, त्यामुळे हाताने दिलेली फीड (कटर पुढे सरकवण्याची गती) थोडी जरी वाढली तरी प्रत्येक दातावर झेपणार नाही इतका भार येतो. एका वेळी ०.१ मिमीच खोल जावे आणि दर कापानंतर खाचेतील कीस फुंकून काढावा. कटर शक्य तितका आखूड धरावा, कारण बाहेर राहिलेली लांबी निम्मी केली की त्याचे वाकणे आठपटीने कमी होते.

बीड_आणि_पितळ:
काटकोनी कोपऱ्यांची येथे खरोखर गरज आहे का, हे आधी तपासावे असे मला आग्रहाने वाटते. गोल टोकांमुळे ६ चौ. मिमी क्षेत्रफळातील सुमारे ०.२ चौ. मिमीच कमी होते. वाफ केव्हा सुरू आणि केव्हा बंद होणार हे मात्र लांब कडा ठरवतात. म्हणून तिन्ही खाचा जॉब (कापायचा भाग) मशीनवरून न सोडता एकाच बांधणीत कापाव्यात, आणि मशीनचे टेबल सरकवणाऱ्या स्क्रूची ढिलाई मापात येऊ नये यासाठी प्रत्येक खाचेवर एकाच दिशेने यावे.

तरीही कोपरे हवेच असतील, तर ३ मिमी जाडीची वेगळी पट्टी घ्यावी. तीत खाचा आरपार असल्याने वायरकट (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या बारीक तारेने) करता येतात. बंद तळाच्या खाचेत तार ओवताच येत नाही. पट्टी सिलिंडरवर सिल्व्हर सोल्डरने (चांदीयुक्त डागाने) बसवावी, पण सोल्डर अगदी बेताचे वापरावे, नाहीतर ते खाचांमध्ये उतरते. सिलिंडरच्या टोकाकडून खाचांपर्यंत वाफ नेणारी तिरकी भोके त्यानंतरच पाडावीत आणि शेवटी काचेवर बारीक एमरी ठेवून पृष्ठभाग घासावा.