गाव–तालुका–जिल्हा यांचा नॉलेज ग्राफ: तारखा कुठे ठेवायच्या?

गावनकाशा
महाराष्ट्रातल्या गावांचे जुने कागद (गॅझेटियर, जनगणना पुस्तिका) नॉलेज ग्राफमध्ये (गोष्टी म्हणजे नोड आणि त्यांच्यातले संबंध म्हणजे दुवे, असा माहितीचा साठा) आणायचे आहेत. "१९९१च्या जनगणनेत डहाणू कोणत्या जिल्ह्यात होतं?" किंवा "आज पालघर जिल्ह्यात असलेल्या गावांचे १९८१चे कागद कुठल्या जिल्ह्याखाली शोधायचे?" अशा प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत. गावं चाळीस हजारांवर. सध्या 'गाव → जिल्ह्यात आहे → जिल्हा' एवढा एकच दुवा आहे. आरडीएफ (कर्ता–संबंध–कर्म अशा त्रिकुटांत माहिती लिहायची पद्धत) घ्यावं की निओफोरजे (ग्राफ डेटाबेस)? पुढे यावर मराठीत प्रश्न घेणारं एलएलएम (भाषेचं एआय मॉडेल) बसवायचं आहे.

त्रिपदी
डेटाबेस नंतर ठरवा, आधी तो एकच दुवा मोडा. १९६०मध्ये राज्य झालं तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. १ मे १९८१ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला, १९८२मध्ये उस्मानाबादमधून लातूर, १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर. म्हणजे 'जिल्ह्यात आहे' हे विधान ठरावीक काळापुरतंच खरं असतं, आणि कर्ता–संबंध–कर्म या त्रिकुटात तारखेला जागाच नाही.

उपाय: संबंधालाच नोड करा. त्याला 'समावेश' म्हणू. त्यातून पाच दुवे निघतील: कोण, कशात, केव्हापासून, केव्हापर्यंत, कोणत्या कागदाच्या आधारे. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्याची रचना आतून अशीच आहे. तिथे प्रत्येक विधानाला स्वतःचा नोड असतो आणि सुरुवात-शेवट पी५८० व पी५८२ या क्वालिफायरमध्ये (विधानाला जोडलेल्या पुरवणी गुणधर्मांत) जातात. तिथून माहिती उचलताना एक लक्षात ठेवा: गुणधर्माचं आखूड रूप वापरलं तर फक्त सर्वांत वरच्या दर्जाची विधानं येतात, त्यामुळे आजच्या जिल्ह्याला वरचा दर्जा दिलेला असेल तर जुना गुपचूप गळतो. विधानाच्या नोडवरून जाणारी लांब वाट घ्या.

गावाला थेट जिल्हा जोडू नका. पालघर झाला तेव्हा आठ तालुके हलले, म्हणजे आठ समावेश बंद करायचे आणि आठ नवे उघडायचे. गावांना हात लावायची गरज नाही. तालुकेही फुटतात, म्हणून गाव–तालुका दुव्यालाही तारखा हव्यातच. शोधताना 'कितीही पायऱ्या वर जा' असा तारांकित मार्ग वापरू नका, कारण तो मधल्या नोडवरची तारीख तपासत नाही. पायऱ्या दोनच आहेत, त्या उघड लिहा आणि प्रत्येकीवर तारखेची अट घाला.

काळाची सुरुवात धरा, शेवट धरू नका. ठाण्याचा समावेश १ ऑगस्ट २०१४ला संपतो, पालघरचा त्याच तारखेला सुरू होतो. शेवटचा दिवस धरलात तर त्या दिवशी डहाणू दोन्ही जिल्ह्यांत सापडेल.

नामांतराला मात्र नवा नोड करू नका. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर ही त्याच नोडची नवी नावं. नावांनाही तारखा द्या, म्हणजे जुन्या नावाने शोधणाराही पोहोचेल.

कोष्टक
+१, पण ग्राफ डेटाबेसच कशाला? दोन पायऱ्यांची उतरंड पोस्टग्रेस या तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये साध्या जोडणीने निघते. तारखांसाठी डेटरेंज (दोन तारखांमधला काळ) हा प्रकार आहे. बीट्री-जिस्ट एक्स्टेन्शन घेऊन एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावा, की एकाच तालुक्याचे दोन समावेश काळाने एकमेकांवर चढलेच तर नोंद आत जाणार नाही. ही हमी ग्राफवाल्यांकडे इतकी सहज मिळत नाही. कागद, व्यक्ती, देवस्थानं, इनामं असे नाना प्रकारचे संबंध वाढणार असतील तरच ग्राफ घ्या.

निओफोरजे घेणार असाल तर दोन खाचा. एक, तिथे दुव्यावर तारीख लिहिता येते, पण दुव्यापासून दुसरा दुवा काढता येत नाही. आधाराचा कागद नोड म्हणून जोडायचा तर तिथेही समावेशाचा नोड लागतोच. दुसरी, चालू समावेशाला शेवट रिकामा असतो. 'शेवट > तारीख' अशी अट लिहिली की रिकाम्याशी केलेल्या तुलनेचं उत्तर 'खरं' येत नाही आणि आजचे सगळे जिल्हे निकालातून गायब होतात. 'शेवट रिकामा किंवा तारखेनंतरचा' असं लिहा. स्पार्कलमध्येही (आरडीएफला प्रश्न विचारायची भाषा) हेच, वर शेवटाचा भाग ऑप्शनलमध्ये (असला तर घ्या, नसला तरी चालेल) टाकावा लागतो.

गावनकाशा
इनामपत्रं आणि व्यक्ती नक्की येणार, म्हणून आरडीएफकडे कल आहे. ओडब्ल्यूएलमध्ये (आरडीएफवर नियम लिहून निष्कर्ष काढायची भाषा) 'एका तालुक्याला एकच जिल्हा' हा नियम फंक्शनल प्रॉपर्टी म्हणून घातला तर चुका पकडल्या जातील का?

त्रिपदी
उलट होईल. डहाणूला ठाणे आणि पालघर दोन्ही लागले तर रीझनर (निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) चूक दाखवणार नाही. 'जिल्हा एकच असू शकतो, तेव्हा ठाणे आणि पालघर एकच वस्तू' असा निष्कर्ष काढेल. मग दोघांचे सगळे तालुके एकमेकांत मिसळतील. वेगळी नावं म्हणजे वेगळ्या वस्तू असं ओडब्ल्यूएल मानत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. तसंच नोंद नसणं म्हणजे माहिती नसणं, खोटं असणं नव्हे. म्हणून ओडब्ल्यूएल निष्कर्षांसाठी ठेवा आणि तपासणी शॅकलकडे द्या (आरडीएफ डेटा तपासायची भाषा; २०१७पासून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीचं मानक आहे). सुरुवातीची तारीख नेमकी एक, आधाराचा कागद किमान एक, हे नियम त्यात दोन ओळींत बसतात. काळ एकमेकांवर चढतात का हे पाहायला मात्र शॅकलमध्ये स्पार्कलची अट लिहावी लागेल. कोष्टक म्हणतात ते इथे खरं आहे.

आकाराची चिंता नको. गावामागे दहा-पंधरा त्रिकुटं धरली तरी पाच-सहा लाख होतात. अपाची जेना या आरडीएफ साधनसंचाचा फुसेकी सर्व्हर साध्या लॅपटॉपवर हे पेलतो.

रफार
नावाला ओळख करू नका. पुणे शहर, पुणे जिल्हा, पुणे विभाग हे तीन नोड आहेत, आणि 'सेम-अ‍ॅज' (हे दोन नोड एकच, असा दुवा) चुकून लावलं की विभागातले पाचही जिल्हे शहरात येऊन बसतात. स्वतःचा निरर्थक क्रमांक द्या. २०११च्या जनगणनेचा सहा अंकी ग्रामसंकेतांक आणि एलजीडीचा (केंद्र सरकारची गावं व स्थानिक संस्थांची सूची) संकेतांक बाजूला गुणधर्म म्हणून ठेवा.

देवनागरीची खाच वेगळीच. 'कऱ्हाड'मधला ऱ एका अक्षरसंकेतानेही लिहिलेला असतो, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असा दोन संकेतांनीही. दिसायला एकच, जुळवताना वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करायचा युनिकोडचा नियम) हे दोन एक होतात. पण र, हलन्त आणि शून्य-रुंदी जोडक (न दिसणारं चिन्ह) वापरून लिहिलेला चंद्रकोरीसारखा अर्धा र त्याने बदलत नाही, तो वेगळा नियम लिहून बदला. आणि जोडक सरसकट पुसू नका. तो गेला की चंद्रकोरीसारख्या 'ऱ्य'चा साधा 'र्य' होतो.

कोष्टक
एलएलएमबद्दल: त्याला थेट स्पार्कल लिहायला लावू नका. प्रश्नातून फक्त ठिकाण, तारीख आणि प्रश्नाचा प्रकार काढून घ्या, आणि तपासलेल्या दहा-बारा साच्यांपैकी एकात भरा. ठिकाणाचे दोन नोड जुळले तर वापरणाऱ्याला विचारा. 'जनगणना १९८१'सारख्या शब्दांसाठी तारखांचा तक्ता हाताने करा: १ मार्च १९८१. नुसतं वर्ष साच्यात गेलं तर मालवण रत्नागिरीत की सिंधुदुर्गात, दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात, कारण मध्ये १ मे आहे.