आंबेनळी घाट उतरताना गिअर कोणता ठेवावा?

वळणप्रेमी: डिसेंबरात महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरायचं आहे. पेट्रोल एएमटी (क्लचशिवाय, गिअर आपोआप बदलणारी) हॅचबॅक, चौघे आणि सामान. घाई अजिबात नाही, घाट मनसोक्त चालवायचा म्हणूनच हा रस्ता निवडलाय. अडचण अशी की डी मोडमध्ये उतारावर गाडी आपोआप वरचा गिअर टाकते आणि पाय सतत ब्रेकवर राहतो. मागच्या सीटवरच्यांना मळमळतंही. काय करावं?

सह्यवाट: डी सोडा, मॅन्युअल मोडमध्ये या. हेअरपिनला (जवळपास उलट फिरणाऱ्या वळणाला) दुसरा, मोकळ्या उतारावर तिसरा. इंजिन 3,000–4,000 आरपीएमवर ओरडलं तरी घाबरू नका, त्याला काही होत नाही. गिअर वळणाच्या आधीच उतरवा, वळणात नको.

हिशेब बघा. सुमारे 40 किमीत गाडी जवळपास 1,300 मीटर खाली येते. माणसांसकट 1,200 किलो धरले तर दीड कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इंजिनाने वाटा उचलला नाही तर बहुतेक सगळी उष्णता डिस्क आणि पॅडमध्ये जाते. हलका पाय सतत ठेवला की पॅडला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. त्यापेक्षा सरळ पट्ट्यात दमदार ब्रेक मारून वेग पुरेसा कमी करा आणि पाय पूर्ण उचला.

ब्रेक ऑइल जुनं असेल तर जाण्याआधी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 या प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश, पाणी शोषल्यावर 140 पर्यंत येऊ शकतो. ते उकळलं की वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बसतं.

ब्रेकचा जळका वास आलाच तर प्रतापगडाच्या फाट्याजवळ किंवा रुंद जागा बघून थांबा. वीस मिनिटं पुरतात. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. हँडब्रेकही लगेच ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

डावीकडून_चला: न्यूट्रलचा मोह टाळा. अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना इंजेक्टर पेट्रोल तोडतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. इंजिन बंद करणं तर फारच वाईट: ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि स्टीअरिंगची मदत, दोन्ही जातात.

मळमळ बहुतेक वळणाने होत नाही, झटक्यांनी होते. स्टीअरिंग एकदाच, हळूहळू फिरवा, नजर वळणाच्या पलीकडे ठेवा. ज्याला त्रास होतो त्याला पुढे बसवा. हे जमलं की घाटाची लय सापडते, आणि मला तरी वेगापेक्षा त्यातच खरा आनंद वाटतो.

एसटीला हेअरपिनवर पूर्ण रस्ता लागतो. वळणाच्या अलीकडेच थांबा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, नियमच आहे. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलीय तेवढी, टायर थंड असताना भरा.

वळणप्रेमी: आभार. आणि पावसाळ्यात?

सह्यवाट: मुसळधारेत नको. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत हा रस्ता जागोजाग खचला होता. पाऊस ओसरल्यावर, घाट सुरू असल्याची खात्री करून जा.

बॅटरीवाला: इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी: वरून 100 टक्के चार्ज करून निघू नका. बॅटरी भरलेली असली की रीजन (मोटरने वेग कमी करत वीज बॅटरीत परत भरणं) जवळपास बंद होतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. 80 टक्क्यांवर निघालात तर उतारावर मिळणारी वीज साठवायला पुरेशी जागा राहते.