गरिबी निर्मूलनात तलावावरचा ढिवर (मासेमार) कुठं बसते?

झाडीचा_पोऱ्या (भंडारा):
नमस्कार मंडळी, एमएसडब्ल्यूचा (समाजकार्य पदव्युत्तर) प्रोजेक्ट करून राहिलो, विषय लहान मासेमार आणि देशाचं गरिबी धोरण. एफएओची (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) लहान मासेमारीवरची मार्गदर्शक तत्त्वं २०१४ ची, त्यात गरिबी निर्मूलन नावातच आहे. आपल्याकडं २०२० ची पंतप्रधान मत्स्य संपदा योजना पाहिली तर २० हजार ५० कोटींची, पण जोर सगळा उत्पादन, निर्यात, कोल्ड स्टोरेजवर. मग आमच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या) तलावात जाळं टाकणारा माणूस कोणत्या खात्यात मोजायचा, मत्स्य की ग्रामविकास?

बोटुकली:
कोणत्याच नाही भाऊ 😀 आमची मासेमारांची सोसायटी आहे म्हणून सांगतो. तलावाचा ठेका भरला, पावसाळ्यात रोहू-कतल्याचं बीज सोडलं, आणि पाऊस दगा देते तवा धान वाचवाले तलावाचं पाणी सोडतेत. सोडावंच, धान बी आपल्याच लोकायचं आहे, पण मासा वाढाच्या आधीच काढा लागते आणि व्यापारी तलावाच्या पाळीवर उभा राहून भाव पाडते. शेतकऱ्याचं पीक गेलं तर पंचनामा होते, आमचा काऊन नाही?

नागपूरकर७१:
सगळंच नाही असं नाही ना. मत्स्य संपदेत महिला, एससी, एसटीला ६० टक्के अनुदान आहे, किसान क्रेडिट कार्ड मासेमारांना २०१८-१९ पासून मिळते, आणि महाराष्ट्रानं २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा पण दिला. लोकं अर्जच करत नाहीत.

बोटुकली:
६० टक्के मिळते, पण उरलेले ४० कुठून आणायचे ते सांगा. आणि तळं खोदाले जमीन कोणाची?

ढिवरीण_ताई:
सगळे जाळ्यावरच बोलून राहिले. मासे विकते कोण? माझी सासू सकाळी पाटी घेऊन चौकात बसते, राखेनं धरून पावशीवर मासा कापून देते, दुपारी उरलेला निम्म्या भावात. सर्व्हेवाला आला तर विचारते शेती किती, नाही म्हटलं की मजूर लिहून जाते. मासेमारांच्या घरात बाईचा धंदा कागदावर येतच नाही, मग बचत गटाचं कर्ज मागाले गेलं तर शेळी घ्या म्हणतेत. शेळीच काऊन 🙄

झाडीचा_पोऱ्या:
ताई, हे प्रोजेक्टमध्ये टाकतोच. म्हणजे सर्व्हेच्या फॉर्मपासूनच गडबड आहे.

गडचिरोली_वाला:
एक पॉइंट राहिला. वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(घ), त्यात मासे आणि पाणवठ्यातल्या इतर उपजांवरचा सामूहिक हक्क आहे. तलाव तुमच्या सामूहिक वनहक्काच्या हद्दीत येत असन तर ठेक्याच्या आधी ग्रामसभेनं दावा टाकावा. अनुदानापेक्षा हा हक्क मोठा आहे माझ्या मते, कारण पाण्यावर हक्कच नसन तर जाळं फुकट मिळूनही काय करणार. पण मालगुजारी तलाव पुष्कळसे महसुली जमिनीवर असतेत, तिथं हे चालणार नाही, आधी सातबारा पाहा.

बोटुकली:
आमचा महसुलीच आहे जी. तरी नमुना असन दाव्याचा तर टाका इथं, शेजारचं गाव जंगलाले लागून आहे, त्यायले देतो.