एक्सएफसीईवर ऑल्ट धरून क्लिक केलं की एडिटरची विंडोच हातात येते

सेमीकोलन:
इतकी वर्षं लिनक्सवर नोम हा डेस्कटॉप वापरत होते. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. ब्राउझर, व्हीएस कोड (कोड लिहायचा माझा एडिटर) आणि नोम तिघं एकत्र आले की पंखा घोंघावायला लागायचा आणि स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) भरायचा. म्हणून मागच्या आठवड्यात एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर आले. हलकं आहे, पॅनल हवं तसं लावता येतं. तक्रार एकच.

चार ओळींत तोच बदल करायचा असला की मी ऑल्ट धरून चार ठिकाणी क्लिक करते. चार कर्सर, एकदाच टाइप. आता कर्सर उमटतच नाही, आणि माउस जरा हलला की अख्खी विंडो त्याच्यामागे फरफटत येते. काल सगळी एक्स्टेन्शन्स बंद करून पाहिली, मग एडिटरच काढून पुन्हा टाकला (हसू नका). फरक शून्य.

रात्रपाळी:
एडिटरच्या सेटिंगमध्ये ‘मल्टी कर्सर मॉडिफायर’ शोधा, ऑल्टच्या जागी कंट्रोल करा. दोन मिनिटांचं काम.

जुनं_खोड:
त्याने दुखणं इकडचं तिकडे जाईल, बाकी काही नाही. कर्सरला कंट्रोल दिला की फंक्शनच्या व्याख्येवर उडी मारायचं क्लिक आपोआप ऑल्टवर जातं. मग तेही विंडो मॅनेजर (डेस्कटॉपचा विंडो हलवणारा, सांभाळणारा भाग) गिळणार.

एडिटर बिचारा निर्दोष आहे, त्याच्यापर्यंत क्लिक पोचतच नाही. एक्स ११ मध्ये (लिनक्सवर विंडो दाखवणारी, माउस-कीबोर्ड हाताळणारी यंत्रणा) विंडो मॅनेजर तिच्या सर्व्हरला आधीच बजावून ठेवतो, की ऑल्टसकट डावं बटण दाबलं गेलं तर ते आधी माझ्याकडे. नोममध्ये हेच काम सुपर कीकडे (विंडोजचं चिन्ह असलेली की) असतं, म्हणून तिथे तुम्हाला कळलंही नाही.

सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्स उघडा, अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या टॅबवर जा. विंडो पकडून हलवताना कुठली की धरायची ते निवडायची सोय तिथे आहे, ऑल्टचं सुपर करा. अगदी बंद मात्र करू नका. बुटक्या स्क्रीनवर एखाद्या डायलॉगचं ‘ओके’ बटण खाली गडप झालं, की तो वर ओढायला हीच युक्ती कामी येते.

व्हिमवाला_३:
माउसला हात लावताच कशाला? व्हिममध्ये (टर्मिनलमध्ये कीबोर्डवरच चालणारा एडिटर) कंट्रोल-व्ही, तीनदा जे, कॅपिटल आय, टाइप करा, एस्केप. चारही ओळी बदलल्या.

सेमीकोलन:
@जुनं_खोड, सुपर केलं आणि चारही कर्सर हजर! एडिटर उगाच काढला.

@व्हिमवाला_३, तुमचंही करून पाहिलं. बदल झाला, पण सेव्ह करायला सवयीने कंट्रोल-एस दाबलं आणि सगळं थिजलं. एकही की चालेना. शेवटी टर्मिनलच बंद केलं.

व्हिमवाला_३:
अहो, थिजलं नव्हतं, थांबलं होतं. कंट्रोल-एस म्हणजे टर्मिनलला ‘थांब’, कंट्रोल-क्यू म्हणजे ‘चल’. टेलिटाइपच्या जमान्यातला फ्लो कंट्रोल अजून मुक्कामाला आहे. फाइल परत उघडा, स्वॅप फाइल (सेव्ह न केलेले बदल व्हिम जिच्यात जपतो ती) सापडल्याचं सांगेल, तिथे आर दाबा.

सेमीकोलन:
दाबलं. बदल परत आला. आता सेव्ह करताना डावा हात मागे धरून बसते.