चालताना पोटरीत गोळा येतो. ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या चालू ठेवाव्यात का?

कृष्णाकाठ :
माझे सासरे ७४ वर्षांचे असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यापासून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी नियमित चालू आहे. गेल्या दिवाळीपासून सकाळी फिरायला निघाले की मारुतीच्या देवळापर्यंत पोहोचण्याआधीच त्यांच्या उजव्या पोटरीत गोळा येतो, पारावर दोन मिनिटे टेकले की तो जातो आणि तेवढेच अंतर चालल्यावर पुन्हा येतो. हा वयाचा भाग आहे, असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले आहे.

अमेरिकेहून आलेल्या माझ्या नणंदेने रक्ताभिसरणासाठी आणि स्मरणशक्तीसाठी म्हणून ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांची एक बाटली आणली. तिच्यावर गिंको बिलोबा (एका झाडाच्या पानांचा अर्क) १२० मिलिग्रॅम, कर्क्युमिन ५०० मिलिग्रॅम, शिवाय मिरीचा आणि लसणाचा अर्क असे घटक लिहिले आहेत. सासरे महिनाभर त्या गोळ्या घेत आहेत आणि पाय हलके वाटतात असेही सांगतात. मात्र मागच्या आठवड्यात दाढी करताना हनुवटीला झालेली पात्याची बारीकशी जखम, तुरटी फिरवूनही, पाऊण तास वाहत राहिली. या दोन्हींचा संबंध असू शकेल का?

खलबत्ता (औषधनिर्माता) :
असू शकेल. बाटली आजच बंद करावी आणि ती घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे. परंतु घाबरून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मनाने मुळीच थांबवू नये, कारण स्टेंट असलेल्या रुग्णात त्याचा धोका कितीतरी मोठा आहे.

या दोन्ही गोळ्या रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना चिकटू नयेत म्हणूनच दिल्या जातात. लसणाचा अर्क काही प्रमाणात तेच काम करतो आणि गिंकोतील गिंकोलाइड हे घटक बिंबिकांना चेतवणाऱ्या एका द्रव्याला अडवतात. एकट्या गिंकोने रक्तस्राव वाढतोच असे चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे; पण आधीच दोन औषधे चालू असताना त्यांवर आणखी दोन चढवण्याचे कारण काय?

फायद्याचे म्हणाल, तर अमेरिकेत ७५ वर्षे आणि त्यावरील ३,०६९ जणांना रोज दोन वेळा १२० मिलिग्रॅम गिंको किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन सरासरी सहा वर्षे पाहिले गेले. २००८ मध्ये आलेला निष्कर्ष असा की स्मृतिभ्रंशाचे प्रमाण गिंकोने कमी झाले नाही. चालताना येणाऱ्या पोटरीच्या वेदनेवरही त्याचा लक्षात येण्याजोगा उपयोग दिसलेला नाही.

कर्क्युमिनबद्दल ‘हळद तर आपण रोजच खातो’ असे गिऱ्हाईक मला नेहमी ऐकवते. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते; म्हणजे ५०० मिलिग्रॅमची एक गोळी ही सुमारे १६ ग्रॅम, अर्थात पाच चमचे हळद झाली. त्यात मिरीचा अर्क मिसळतात तो कर्क्युमिन रक्तात अधिक उतरावे म्हणून. बेंगळुरूच्या १९९८ च्या प्रयोगात हे प्रमाण वीसपटींनी वाढलेले दिसले. मात्र मिरीतले पायपेरिन यकृतातील ज्या विकरांना (एन्झाइमांना) मंदावते, तीच विकरे इतर अनेक औषधांचाही निचरा करत असतात.

आजोळ :
माझ्या आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि ती रक्त पातळ करणारी वेगळी गोळी घेते. शेजारणीच्या सांगण्यावरून तिने हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या आणि तीन आठवड्यांत तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) अडीचवरून पाचच्या वर गेला. दुसरे काहीही बदललेले नव्हते. हे आम्हाला कळले ते उशीवरच्या रक्ताच्या डागामुळे.

वैद्य_देशावरचा :
मी आयुर्वेदाचाच व्यवसाय करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, असे आमचे शास्त्र कधीच म्हणत नाही. बिब्बा हे रसायन, म्हणजे शरीराला बळ देणारे औषध आहे. पण शोधन (शुद्ध करण्याची प्रक्रिया) न करता हाताळलेला बिब्बा उतला की अंगावर कसे फोड येतात, हे खेड्यातल्या कोणत्याही आजीला विचारावे. रसायनही प्रकृती, अग्नी आणि चालू असलेली औषधे पाहूनच द्यायचे असते.

मला खरी चिंता बाटलीपेक्षा पोटरीची वाटते. ठरावीक अंतर चालल्यावर गोळा येणे आणि थांबताच तो जाणे, हे पायाच्या धमनीतील अडथळ्याचे नेमके लक्षण आहे. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढण्याची साधी चाचणी असते, ते ०.९ पेक्षा कमी आले तर अडथळा आहे असे समजतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्यामुळे हा आकडा कधी फसवा, म्हणजे वाढलेला येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजतात. सासरे तंबाखू खातात का? त्यांच्या तळपायावर जखम तर नाही ना, हे रोज रात्री दिव्याखाली पाहावे.

कृष्णाकाठ :
सर्वांची मनापासून आभारी आहे. उजव्या पायाचे गुणोत्तर ०.६८ आले. गोळ्या डॉक्टरांनीही बंद करायला सांगितल्या. आठवड्यातून किमान तीनदा, दुखू लागेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, असे अर्धा-पाऊण तास तीन महिने करायचे आहे. त्यामुळे मारुतीचा पार आता औषधातच जमा झाला आहे. तंबाखूची चंची मात्र देव्हाऱ्यामागे सापडली. नणंदेला अहवालाचा फोटो पाठवला, तेव्हा तिने स्वतः कोणकोणत्या गोळ्या घेते त्याची यादी मला पाठवली आहे. खलबत्ता, ती इथे देऊ का?