हवा टिकते म्हणजे टायर चांगला, असं नाही

पंक्चर काढल्यावर दोन दिवस हवा टिकली की टायर बिनधास्त वापरा, असं या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरमध्ये खिळा रस्त्याला टेकणाऱ्या मधल्या पट्ट्यात घुसला असेल आणि लगेच थांबला असाल, तर ठीक. बाजूच्या भिंतीला छेद किंवा फुगवटा असेल तर मात्र हवा कितीही टिको, टायर बदलायचाच. फुगवटा म्हणजे आतले दोरे तुटलेत आणि हवा नुसत्या रबराने धरून ठेवली आहे. त्यावर ट्यूब टाकून चालवायचा सल्ला तर कृपया कोणीच ऐकू नका.

पण गाडी हवा गेलेल्या अवस्थेत किती चालली, हे इथे कोणीच विचारलेलं नाही. खंबाटकी घाट उतरल्यावर सुरूर गावाच्या अलीकडे माझ्या बाईकच्या मागच्या टायरची हवा गेली. दुकान दिसेना म्हणून तशीच तीनेक किलोमीटर रेटली. पंक्चरवाल्याने भोकात स्ट्रिप (रबरी पट्टी) मारली, हवा एकदम पक्की. घरी आल्यावर ओळखीच्या मेकॅनिकने टायर रिमवरून उतरवला, तर आत काळ्या रबराचा भुगा पडलेला आणि भिंतीला आतून गोल सुरकुती! रिम आणि रस्त्याच्या मध्ये भिंत चिरडली की ती आतून तापून सोलवटते. बाहेरून टायर अगदी नवा दिसत होता. त्यावर मी बायकोला मागे बसवून पुढचे शंभरेक किलोमीटर आलो होतो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. त्यामुळे बसलेल्या चाकावर गाडी चालली असेल, तर टायर उतरवून आतून बघितल्याशिवाय हायवेला नेऊ नका.